विसाव्याचा दगड

बाबा पहाटे गेले. दुपारी त्यांना स्मशानात नेताना दादा ट्रकखाली आला. मी त्याच्या मागे चालत होतो.

ही तीन वाक्ये लिहायला मला दीड वर्ष लागले. मी नागपुरात धरमपेठेत राहतो आणि एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात आणि परत आलेली पुस्तके जागेवर लावण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. कुठली गोष्ट कुठे असायला हवी हे आपल्याला कळते, असे मी समजत होतो.

आमचे गाव शहरापासून तासाभरावर आहे. रस्ता रुंद झाल्यापासून लोक ते पाऊण तासावर आहे असे म्हणतात. ग्रंथालयातले एक सहकारी सुट्टीत त्या बाजूला देवदर्शनाला जातात आणि सोमवारी मला सांगतात, "काल तुमच्या गावावरून गेलो. काय रोड झाला हो. पोटातलं पाणी हलत नाही." त्यांना सगळे माहीत आहे. दादाच्या तेरवीला ते जेवून गेले होते. मी त्यांच्या हातातली पुस्तके घेतो, आत नेऊन ठेवतो, आणि ते जाईपर्यंत आतच थांबतो.

जुना रस्ता चांगला होता असे मी म्हणणार नाही. तो दोन पदरी होता आणि कडा खचलेल्या होत्या. कोळशाचे ट्रक, सिमेंटचे ट्रक, हंगामात नागपुरातल्या कळमन्याच्या बाजाराला जाणारी संत्र्याची वाहने, सगळी एकमेकांच्या अंगावरून जायची. दर पावसाळ्यात गावातले किंवा शेजारच्या गावातले कोणीतरी त्या रस्त्यावर मरायचे. हे मी मान्य करतो. दादाही हेच म्हणायचा. रस्ता रुंद करताना तुटणाऱ्या झाडांबद्दल मी काही बोललो की तो म्हणायचा, "तू धरमपेठेत बसून झाडासाठी रडत राह्य गा पुस्तक्या. इथं माह्या संत्र्याची गाडी फाट्यावर दोन दोन तास अडकून राह्यते, अन् माल गाडीतच घामेजते." पुस्तक्या हे त्याने मला पाचवीत ठेवलेले नाव. माझे केस पांढरे झाले तरी त्याने ते बदलले नाही.

गाव रस्त्याच्या एका अंगाला आहे. दुसऱ्या अंगाला शाळा, निम्मी शेते आणि नाल्याच्या काठाला स्मशान. गावातून स्मशानाकडे जाणारी वाट रस्त्यापर्यंत येई आणि तो आडवा ओलांडून पलीकडे उतरे. रस्त्याच्या अलीकडे, कडुनिंबाखाली, एक चपटा काळा दगड होता. तो विसावा. प्रेत नेताना तिरडी तिथे खाली ठेवायची. पुढचे खांदेकरी मागे जायचे, मागचे पुढे यायचे. त्यानंतर विस्तवाचे मडके धरून पुढे चालणाऱ्याने मागे वळून पाहायचे नसते. गावातले प्रत्येक मेलेले माणूस त्या दगडावर एकदा टेकलेले आहे. आईही.

आईच्या वेळी दादाने मागे पाहिले होते. नुसते पाहिले नाही, मडके माझ्या हातात देऊन तो परत गेला आणि एका म्हाताऱ्या खांदेकऱ्याला धाप लागली होती त्याला बाजूला करून स्वतः खांदा दिला. त्याला त्यात काही वाटले नाही. गावाला वाटले. दादाला मूल झाले नाही, आणि ते का झाले नाही याचे कारण गावाने त्या मागे पाहण्यात शोधून काढले. हे दादाला कोणी तोंडावर सांगितले नाही. अशा गोष्टी बाईला सांगतात. हळदीकुंकवात, पाण्यावर, लग्नाच्या मांडवात वहिनींना वीस वर्षे ते ऐकवले गेले. मला ते माहीत होते. मी ते मूर्ख लोकांचे बोलणे म्हणून सोडून देत होतो, आणि ऐकूनही घेत होतो.

रस्ता रुंद करायचे ठरले तेव्हा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा झाली. मी रविवार म्हणून गावी होतो. दोन साहेब नकाशा घेऊन आले होते. टेबलाच्या पायाशी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. साहेब म्हणाले, मध्ये दुभाजक येणार, आता कुठूनही रस्ता ओलांडता येणार नाही. तेव्हा गावाला पलीकडे कुठे कुठे जावे लागते त्याची यादी द्या, म्हणजे भुयारी वाट कुठे ठेवायची ते ठरवता येईल.

यादी लिहायला मला बसवले. अक्षर चांगले आणि शहरात नोकरी, एवढे पुरेसे होते. लोक सांगत गेले, मी लिहीत गेलो. शाळा. नाल्याकडची शेते. मारुतीचे देऊळ. गुरांचे पाणी. संत्र्याच्या बागा. दूध संकलन केंद्र. शहराकडे जाणाऱ्या बसचा थांबा. सात झाले. मी आठचा आकडा घातला आणि "स्म" लिहिले, तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हे बाबांचे चुलत भाऊ. गावात कोणी गेले की बांबू तोडण्यापासून राख सावडण्यापर्यंत सगळे तेच सांगतात.

"ते राहू दे गा," काका म्हणाले. "आत्ता नारळ फुटला. चांगल्या कामात मसणाचं नाव काहून काढतं?"

पलीकडून दादा म्हणाला, "लिहू द्या ना काका. तुमचीच सोय होऊन राह्यली."

हॉल हसला. काकाही हसले. "माही नको पाहू. तुह्या बापाची पाह्य, तो माह्याहून दोन वर्षांनी मोठा आहे."

बाबा मागे खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "मले घाई नाही. पह्यले रोड होऊ द्या."

पुन्हा हशा पिकला. त्या हशात मी "स्म" वर दोन रेघा ओढल्या आणि कागद साहेबांना दिला. ते सही करून घेत होते तेव्हा दादाने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. "काहून खोडलं?" तो म्हणाला. मी म्हणालो, "नंतर वेगळं सांगू." वेगळे कोणी सांगितले नाही. मीही नाही. आमच्याकडे स्मशानाची गोष्ट अशीच आहे. ती सगळ्यांना ठाऊक असते म्हणून कोणी बोलत नाही.

काम दोन वर्षे चालले. सात जागांसाठी मिळून एक भुयारी वाट मंजूर झाली, तीही शेजारच्या गावाच्या शिवेवर, चालत वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. आम्ही तिला बोगदा म्हणतो. पावसात तिच्यात गुडघाभर पाणी साठते. रस्ता मातीचा भराव घालून उंच केला. त्याच्या पायथ्याशी नाली, नालीला लागून शेतांची तारेची कुंपणे. म्हणजे बोगद्यापर्यंत जायचे तर रस्त्यावर चढूनच जायचे, आणि वाहने पाठीमागून येणार.

कडुनिंब एका सकाळी गेला. दगड जेसीबीने ढकलून भरावाच्या कडेला टाकला. दोन दिवसांनी दादाने तो ट्रॉलीत घालून आणला. घरी ठेवू देईना कोणी. विसाव्याचा दगड उंबऱ्याशी आणतात का, म्हणून वहिनी आणि बाबा दोघेही ओरडले. मग त्याने तो आमच्या शेताच्या बांधावर नेऊन ठेवला. "पडू दे," तो म्हणाला. "नवी जागा ठरली की नेऊन देईन."

नवी जागा ठरली नाही. काकांनी दोनदा माणसे बोलावली. पण विसाव्याची जागा जो सुचवेल त्याच्याच घरची तिरडी तिथे पहिली टेकेल, असे कोणीतरी म्हणाले, आणि सगळे जागेबद्दल गप्प बसले. शिकलेली पोरेसुद्धा गप्प बसली. मीही तिथे होतो आणि मलाही वाटले की आपण कशाला बोलावे, बाबा आजारी आहेत.

रस्ता सुरू झाल्यावर पहिली गेली ती पाटलांच्या वाड्यामागची एक म्हातारी. तिला घेऊन लोक वाटेने सरळ रस्त्यावर चढले आणि तिरडी दुभाजकावरून उचलून पलीकडे दिली. चार जण इकडे, चार तिकडे, मध्ये सिमेंटचा कठडा, आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न. तिरडी कलंडली. म्हातारीचा एक पाय बाहेर आला. लोक ते सांगताना हसत होते, कारण दुसरे काय करणार. बाबांनी खाटेवर पडून ते ऐकले.

"मले असं पोत्यासारखं इकडून तिकडं देऊ नका गा," ते म्हणाले. "त्या बोगद्यातून न्या. वेळ लागंन तर लागू द्या. मले कुठं कळमन्याले टाइमावर पोचाचं आहे."

हे त्यांनी दादाला म्हटले होते, पण पाहत माझ्याकडे होते. त्यांच्या मरणाबद्दल ते एवढेच बोलले. तीन महिन्यांनी ते गेले.

सकाळी कोणीतरी शववाहिनी बोलवायचे म्हणाले. काका म्हणाले, पायी नेऊ. दादा म्हणाला, "गाडीत नाही. पायी, बोगद्यातून. त्यांनी सांगितलं होतं." निघताना अकरा वाजून गेले होते. आमच्याकडे बायका उंबऱ्यापर्यंत येतात. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी दादाला फक्त उपरणे नीट करायला सांगितले.

वाटेने येऊन आम्ही भराव चढलो, आणि वर चढल्याबरोबर खांदेकरी थांबले. कोणी थांबा म्हटले नाही. त्या वाटेने आलेले पाय तिथे थांबतात. कडुनिंब नव्हता, दगड नव्हता, पायाखाली डांबर होते आणि डांबरावर पांढरी रेघ. त्या रेघेवर बाबांची तिरडी खाली ठेवली. एक कार हॉर्न देत बाजूने गेली. काका म्हणाले, "इथं नको गा, पुढं जाऊ." पण तिरडी टेकली होती, आणि टेकली म्हणजे विसावा झाला. खांदे बदलायला लागले.

मी दादाजवळ गेलो. मडक्याच्या दोरीला त्याने रुमाल गुंडाळला होता, चटका बसू नये म्हणून. मी हळू आवाजात म्हणालो, "आता इथून मागं पाहू नको."

"माहीत आहे गा."

"आईच्या वेळी पाहिलं होतंस. अजून बोलतात लोक. वहिनींना बोलतात."

त्याने माझ्याकडे पाहिले. "तिले काय बोलतात?"

मी सांगितले. बाबांची तिरडी रस्त्यावर ठेवलेली, आणि मी वीस वर्षे त्याला न सांगितलेली गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. आता तरी घरावर नवा डाग नको, असे मला वाटत होते. मला असेही वाटत होते की निदान हे तरी रीतीने व्हावे. मी पुस्तकांत राहतो, पण रीत मोडली की अस्वस्थ होतो. दादाने कधी पुस्तक उघडले नाही आणि रीतीची त्याला फिकीर नव्हती.

त्याने दोरीवरचा रुमाल घट्ट केला. मग म्हणाला, "बरं. नाही पाह्यत." आणि चालू लागला.

आम्ही निघालो तोच तिरडीची मागची गाठ सुटली. नवे खांदेकरी उंच होते, बांबू एका बाजूला चढला. थांबून गाठ मारू लागले. दादाला ते दिसले नाही. तो चालतच राहिला. पाहता पाहता त्याच्यात आणि आमच्यात दोन विजेच्या खांबांचे अंतर पडले. पांढऱ्या रेघेवर तो एकटा, हातात मडके, मडक्यातून धूर.

ट्रक मागून आला. आमची गर्दी पाहून त्याने उजवीकडे घेतले, हॉर्न दाबून धरला, आम्हाला ओलांडले आणि गर्दी संपली म्हणून पुन्हा डाव्या कडेला आला. पुढे कोणी असेल असे त्याला वाटले नसावे. प्रेताच्या पुढे एक माणूस चालतो, हे त्याला माहीत नसेल. आम्ही सगळे ओरडलो. मीही ओरडलो. दादाने ऐकले. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण त्याने डावा हात वर केला आणि नाही म्हणतात तसा हलवला. आम्ही त्याला मागे बघायला लावतो आहोत असे त्याला वाटले. तो हात अजून वर असतानाच ट्रक त्याच्यापर्यंत पोचला.

लोक विचारतात म्हणून सांगतो: ट्रकमध्ये सळया होत्या. चालक परमुलखातला होता. तो पळाला नाही. खाली उतरून हात जोडून उभा राहिला, रडलाही. पळाला असता तर मला बरे वाटले असते. त्याला मी माफ केलेले नाही, आणि करावे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मला बोलायचे नाही.

पोलीस येईपर्यंत बाबा रस्त्यावर होते. एक पदर मोकळा होता, त्यातून वाहने जात होती आणि समोर प्रेत दिसत असून हॉर्न वाजत होते. एका गाडीतून मोबाइल धरलेला हात बाहेर आला होता. दादाला शहरात नेले. मडके फुटले होते. काका म्हणाले, विस्तव पुन्हा घरूनच आणावा लागेल. कोणीतरी घरी गेले, आणि घरी त्याच वेळी सगळे कळले. दुसरे मडके माझ्या हातात दिले. मी ते घेऊन बोगद्यापर्यंत गेलो आणि पलीकडच्या बाजूने स्मशानापर्यंत परत आलो. त्या सगळ्या वाटेवर मी मागे पाहत होतो. दर चार पावलांना पाहत होतो. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दादालाही अग्नी मीच दिला. त्याला गाडीतून नेले.

पोलिसांनी जबाब घेतला. मी म्हणालो, मी लिहून देतो. लिहिले: "आम्ही हाका मारल्या, परंतु मयताने वळून पाहिले नाही." शिपायाने वाचून मान डोलावली. ते वाक्य खरे आहे. त्याच्या आधीचे वाक्य मी लिहिले नाही.

मग गावाने कारणे शोधली. बाप गेल्याने डोके ठिकाणावर नव्हते. पहाटेच थोडी घेतली होती. ऐकू कमी येत होते. तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर वहिनींनी मला मागच्या दाराशी गाठले.

"भाऊजी, तुम्ही मांगंच होते ना?"

"होतो."

"त्याहिले ऐकू येत होतं. कोठ्यातली गाय खोकलली तरी उठत. अन् असलं पाळणं त्याहिनं कधी केलं नाही. आईच्या वेळी तर परत फिरून खांदा दिला. मंग या वेळी काहून नाही पाह्यलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही, वहिनी."

त्यानंतर दर रविवारी मी गावी जात होतो. सातबारा, वीजबिल, बागेचे पाणी, काही ना काही निमित्त असे. त्या दर वेळी विचारत. कधी सरळ, कधी फिरवून. ट्रकनं भोंगा दिला होता काय? तुम्ही आवाज दिला तेव्हा ते थांबले होते काय? एकदा म्हणाल्या, "लोक म्हणतात त्याहिले जगाचंच नव्हतं. बापासंगं गेले. खरं असंन काय?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मंग काय खरं आहे?" त्यांना फक्त एवढेच हवे होते. माझ्याकडे ते होते आणि मी देत नव्हतो.

त्याऐवजी मी कार्यालयात गेलो. रस्त्याचे काम पाहणारा अधिकारी तिशीतला होता, नीट बोलणारा. त्याने मला सर म्हटले, पाणी मागवले. मी सांगितले की स्मशानाची वाट तोडली आहे, तिथे ओलांडायची सोय हवी. त्याने फाइल काढली.

"सर, ही गावाने दिलेली यादी. सात ठिकाणं आहेत. यात स्मशानभूमी नाही."

"तुम्ही मोजणीला जागेवर आला होतात. जळालेली जागा दिसली नाही?"

"दिसली असेल. पण वापरात आहे की नाही, ते गावकऱ्यांनी सांगायचं असतं."

"गावात माणसं राहतात. म्हणजे वापरात आहे."

तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी असायला हवे. त्याने कागद माझ्याकडे वळवला. "हे आठ नंबरला काही खोडलंय. हे अक्षर कोणाचं आहे?"

मी म्हणालो, "माझं."

"छान आहे अक्षर," तो म्हणाला, आणि त्याला खरेच तसे वाटत होते. मग त्याने नवीन मागणी म्हणून अर्ज द्यायला सांगितले, आणि निघताना हेही सांगितले की या पट्ट्यात अपघात कमी झाले आहेत. झालेही असतील. समोरासमोरच्या धडका आता होत नाहीत. माल वेळेवर जातो. दादाची संत्री त्या शेवटच्या हंगामात सकाळच्या लिलावाला पोचली होती आणि त्याने मला कळमन्यातून फोन करून ते सांगितले होते. हे सगळे खरे आहे आणि मला ते कोणी सांगितले की तिथून उठून जावेसे वाटते. मी यादीची प्रत मागितली. ती त्याने दिली.

अर्ज दिला. उत्तर म्हणून त्या जागी पिवळा फलक लागला. अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा. कोणीही सावकाश चालवत नाही. गावाला मात्र फलकाचे समाधान झाले. काका मला म्हणाले, "चाला, तुह्या अर्जानं काहीतरी झालं." मी त्यांना विचारले, "त्या दिवशी तुम्ही माझा हात धरला नसता तर?" काकांना आठवले. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "पेन तुह्या हातात होता बाबू." मी त्यांच्याकडे पुन्हा गेलो नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी वहिनी अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. मी ओट्यावर बसलो. त्यांनी पाणी दिले, बागेतल्या मोटारीचे सांगितले, दोन झाडे वाळली म्हणाल्या. मग पाखडत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी काही विचारले नाही. पुढच्या रविवारीही विचारणार नाहीत हे मला त्यांच्या हातांकडे पाहून कळले. त्यांनी दादाबद्दल काहीतरी मनाशी ठरवून टाकले होते आणि ते खरे नव्हते.

मी सांगितले. विसावा कुठे टेकला, मी काय म्हणालो, त्याने काय विचारले. लोक त्यांना काय बोलतात ते मी त्याला सांगितले, हेही सांगितले. वर गेलेला हात सांगितला. यादीतल्या दोन रेघा सांगितल्या. सांगताना मी अंगणातून दिसणाऱ्या आमच्या शेताच्या बांधाकडे पाहत होतो.

सूप थांबले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याहिनं ऐकलं."

"हो."

"तुमचं कधी ऐकलं नाही त्याहिनं. सगळ्या जन्मात."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले लोक बोलत होते, भाऊजी. मी ऐकत होते. मले सवय झाली होती. मी त्याहिले एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तुम्हाले कोणी सांगितलं होतं सांगाले?"

त्यांनी तूर डब्यात ओतली, सूप भिंतीला टेकवले, माझा रिकामा पेला उचलला.

"आता येत नका जाऊ," त्या म्हणाल्या. "निघा. रोड चांगला आहे, उजेडात पोचान."

मी पोचलो. पाऊण तास लागला.

काल त्यांच्या भावाचा फोन आला. बागेचे तो पाहणार आहे, कागदपत्रे पोस्टाने पाठवा म्हणाला. मी पाठवली. यादीची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. वहिनी त्या घरात राहतात. मी धरमपेठेत राहतो. दगड बांधावर आहे.